भाग दोन

दुपारी साडेबाराला तिकीटखिडकीतला फोन वाजला.
बाईचा आवाज.
"तीनना पिच्चर कितला वाजता सुटस?"
सहाला, मी म्हटलं.
"मधमा सुट्टी ऱ्हास का?"
ऱ्हास ना माय. पंधरा मिनिटं.
तिकडून फोन ठेवला.
मला वाटलं, पोरंबाळं घेऊन यायची असेल.

पाचोऱ्यात मे महिना.
कुलरला पाणी घाला, तरी तो फुफाटाच ओकतो.

पहिला भाग सुपडू आप्पांनी इथंच पाहिला,
बाल्कनी, क रांग, सात नंबर.
पुढच्या खुर्चीवर पाय, मांडीवर शेवमुरमुऱ्याचा पुडा.
म्हातारा डॉन जिन्यात पडला
तेव्हा आप्पा ठसका लागेस्तोवर हसले.
"पाठ दाखाडी त्यानी," म्हणाले,
"पाठ दाखाडी म्हनीसन मरना."

आप्पांनी कुणाला पाठ दाखवली नाही.
गेले तेही उताणेच,
जळगावच्या दवाखान्यात, नाकात नळी,
रक्तात साखर पाचशेवर.

मागे राहिलं ते
बारा डंपर, दोन पोकलेन,
भडगाव रोडचा वजनकाटा,
आणि तलाठ्यापासून वर कुणाच्या घरी किती पोचतं
ते लिहिलेली लाल वही.
गिरणाही राहिली म्हणायची,
पण तिच्यात आता उरलंय काय?

आज दुसरा भाग.
भटू आला अठरा जण घेऊन,
आप्पांची गाडी वीस वर्षं चालवलेला हात
अजून गिअर शोधत असल्यासारखा.
पुतण्या हर्षल आला वीस जण घेऊन,
पुण्याचा चष्मा, सेंटचा भपका.
दोघांनी माझ्याकडून तिकिटं फाडून घेतली, तीही मुकाट.
मधल्या वाटेच्या अल्याडपल्याड बसले.
मी टॉर्च मारली:
सात नंबर रिकामा.
पाठीवर आप्पांच्या डोक्यातल्या तेलाचा डाग
तसाच.

दुसऱ्या भागात काय असतं?
पहिल्यात मेला त्याची वाटणी.
पडद्यावर दोन भाऊ एका ताटात जेवत होते
आणि ताटाखाली पिस्तुलं.
खालच्या वर्गातली पोरं शिट्ट्या मारत होती.
बाल्कनीत एकही शिट्टी नाही.

मध्यंतरात भटूने हर्षलला सोडा पाठवला.
हर्षलने तो आपल्या माणसाला पाजला
आणि त्याच्या तोंडाकडे बघत राहिला
ढेकर येईपर्यंत.

मग घंटा झाली, अंधार झाला,
आणि कुणी बसेचना.
आधी बसेल त्याची पाठ दुसऱ्याकडे.
अडतीस माणसं भिंतीला टेकून उभी,
तिकडं ढिशुम् ढिशुम् चाललंय
आणि ही एकमेकांचे हात बघतायत.
कॅन्टीनचा उखा ग्लास गोळा करत आला,
दमला होता पोरगा,
बसला सात नंबरात
आणि बसल्या बसल्या झोपला.
त्याला उठव म्हणायला कुणाची जीभ रेटेना.
उठवला, तर ती खुर्ची कुणाची?

साडेपाचच्या सुमारास
दोघांचे मोबाईल एकदमच उजळले.
दोघांचे चेहरे खालून निळे.
मग दाराशी "तू व्हय पुढे", "नही, तू व्हय".
एवढी अदब मी लग्नातही पाहिली नाही.

संध्याकाळी चहाच्या टपरीवर कळलं.
आप्पांची द्वारकाबाई, जिने कधी टॉकीजचा उंबरा ओलांडला नाही,
तीन वाजता रिक्षाने काट्यावर गेली.
मुनीमाला म्हणाली, उठ.
बाराही डंपरच्या चाव्या ओच्यात घेतल्या,
काट्याला स्वतःचं कुलूप घातलं,
वही उघडली
आणि पहिला फोन तलाठ्याला केला.
ड्रायव्हर सगळे पिच्चरला.
अडवायला उरलं होतं कोण?

आता लोक विचारतात,
शेवटी जिंकतं कोण रे?
खरं सांगतो, बघितलं नाही.
ती दहा मिनिटं मी उखाला हलवत होतो,
आणि तो झोपेत पाय लांब करून
पुढच्या खुर्चीवर ठेवत होता.