रताळी धुताना

बेळगुंदीच्या आमच्या लहानशा चर्चमध्ये
कापणीच्या सणाला तीन पोती रताळी आली,
मातीसकट.
तांबडी, चिवट माती. नखात शिरली
की नाताळपर्यंत निघत नाही.

रविवारच्या शाळेची मुलं अकरा.
त्यांना मी महिनाभर शिकवलं होतं,
कठीण काम हसत करावं, देव बघतो.
फळ्यावर लिहून, खाली दोन रेघा ओढून.
आणि आता शनिवारी सकाळी सातला
विहिरीच्या कट्ट्याशी घमेली मांडून
मीच उभी, शालीत हात लपवून.

योएल म्हणाला, "बाई, बोटं गोठूलीत."
करुणा काही बोलली नाही. नाक ओढत राहिली.
सात वर्षांचा इम्मानुएल,
ज्याची आई काजूच्या कारखान्यात टरफलं फोडते,
त्यानं पाण्यात बोट बुडवून बाहेर काढलं
आणि विचारलं,
"येशूला फळ्या वाहताना मजा यायची काय?"

माझ्या पाठाच्या वहीत याचं उत्तर नव्हतं.
"कधी कधी हातात कुसळ शिरत असेल," मी म्हटलं.
"मग रडायचा?"
"रडत असेल की."
"सुताराचा पोरगा असून?"
"म्हणून तर. रोजचंच लाकूड."
"आणि मरिया?"
"दिव्याजवळ धरून सुईनं काढत असेल."

हे त्यांना पटलं.
देवाच्या बोटात कुसळ आणि आईच्या हातात सुई.
अकराही जणांनी आपापली बोटं
एकदा उलटीसुलटी करून बघितली.

मग इम्मानुएलनं एक रताळं उचललं,
पाळकसाहेबांसारखा घसा साफ केला
आणि ते तीनदा बुडवलं पाण्यात.
"तुझं नाव आजपासून बसवाण्णा कंडक्टर."
बारक्या रोदानं दुसरं धरलं:
"ही आमची गणिताची टीचर. हिला चारदा."

मी ओरडायला हवं होतं.
पवित्र गोष्टीची अशी थट्टा!
तोंड उघडलंही होतं.
पण ओल्या मातीखालून
तो गुलाबी रंग असा काही वर आला,
जणू त्या कंडालाही
हाक ऐकू आली असावी.

शाल खांद्यावर टाकली, बाह्या सारल्या, बसले.
पाणी गार ते गारच होतं.
हे मुद्दाम सांगते, कारण साक्ष देताना
माणसं पाणी कोमट करून सांगतात.
बोटं बधिर झाली. योएल दोनदा रडला,
एकदा थंडीनं, एकदा त्याच्या कंडक्टरचं
कुणीतरी दुसरंच बारसं केलं म्हणून.
शाळेत गेणसू, घरात रताळं,
यावरून भांडण झालं, तेही मिटलं;
घमेल्यात दोन्ही सारखीच तांबडी.

तिसरं पोतं संपलं तेव्हा ऊन कौलांवर आलेलं.
करुणाच्या हातात अजून एकच,
वाकडं, अर्धं किडीनं पोखरलेलं.
"ह्याला नाव काय?" मी विचारलं.
"अजून धुऊन व्हायचं आहे," ती म्हणाली.
दिवसभरातलं तिचं तेवढंच वाक्य.

रविवारी वेदीपुढे रास लागली.
पाळकसाहेब अर्पणाविषयी बोलत होते,
पहिल्या बाकावर अकरा जण
कोण कुठे आहे ते एकमेकांना दाखवत होते.
फळ्यावरचं माझं वाक्य मी आल्या आल्या पुसलं होतं.
रेघा तेवढ्या राहिल्या.

सोमवारी बस थांब्यावर इम्मानुएलची आई भेटली.
टरफलाच्या तेलानं काळी पडलेली,
भाजून सोललेली बोटं पदराआड धरून.
"काय शिकवलंस गे बाई माझ्या पोराला?
रात्री घमेलं घेऊन बसला पायाशी.
एकेक बोट धुतलंन,
आणि एकेकाला नाव ठेवलंन."

मी घाबरत विचारलं, "कसली नावं?"

"आठवत नाहीत सगळी," ती म्हणाली,
आणि पदराआडून हात बाहेर काढला.
"करंगळी तेवढी तू आहेस."