रकाना सहावा

रजिस्टर जुनं आहे, दुकानाच्या उधारीचं.
अर्ध्यात सासऱ्यांचं अक्षर: तूर, गूळ, बाकी साडेसात.
उरलेल्या अर्ध्यात मी पाणी लिहिते.

पाच रकाने.
तारीख. किती वाजता आलं. किती वाजता गेलं.
रंग. वास.
लष्करातल्या आमच्या गल्लीत
तिघऱ्याचं पाणी येतं दिवसाआड,
आणि येतं म्हणजे आधी नळ खोकतो,
मग हवा, मग गढूळ घोटभर,
मग बादल्यांचा आवाज घराघरातून.

नफीसाआपांकडे औषधाची बाटली असते.
काचेच्या नळीत पाच थेंब.
पिवळं झालं तर चांगलं, क्लोरीन आहे.
नाही झालं तर वाईट.
“आणि आधीच पिवळं येतं ते?”
शितोळ्यांच्या हेमलताने विचारलं.
ते आम्ही रंगात लिहितो.

मार्चअखेर बेचाळीस ओळी घेऊन गेलो झोन कार्यालयात.
भदौरियासाहेबांनी चुकून पुढचं पान उघडलं,
म्हणाले, गूळ सव्वा रुपया?
आम्ही हसलो.
तिथे चुकलं. हसल्यावर कुणी पोच देत नाही.

संध्याकाळी फोनवर निरोप:
आपल्या तक्रारीचे समाधानकारक निराकरण झाले आहे.
माझ्या हातात तांब्या होता,
तांब्याचा तळ दिसत नव्हता.
निरोप मी जसाच्या तसा उतरवून घेतला
वासाच्या रकान्यात.

मग कुणीतरी म्हणालं, चावीवाला पैसे खातो.
वरच्या गल्लीला पाऊण तास,
आम्हाला वीस मिनिटं. हिशेब सरळ.
सगळ्यांना पटलं. मलाही.
पेन्सिलीने लिहूनसुद्धा टाकलं, नावानिशी.

पहाटे चारला आम्ही तिघी त्याच्या मागे,
एक टॉर्च, एक रजिस्टर,
चोर पकडायला निघाल्यासारख्या.

रामसेवक कुशवाह.
खांद्यावर लोखंडी चावी, त्याच्याएवढीच उंच.
झाकणापाशी थांबला.
चपला काढून जोडीने ठेवल्या, देवळाबाहेर ठेवतात तशा.
शर्टाची घडी केली.
उतरला.

कमरेपर्यंत काळं.
हलवायाचं, धोब्याचं, शाळेचं,
आणि आमचं. आमची मोरी तिथेच सुटते,
हे मला छत्तीस वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं
आणि मी विचारलं नव्हतं.
वॉल्व्ह त्याच्या खाली कुठेतरी.
डोळे मिटून त्याने तो हाताने शोधला,
मी रात्री दिव्याचं बटण शोधते तसा,
मग चावी बसवली.
अर्धी फिरली. अडली.
“इससे आगे नहीं घूमता, चाची.
दो साल से कह रहा हूँ।”

नफीसाआपांनी टॉर्च विझवला.
तो वर येईपर्यंत पुन्हा लावला नाही.

घरी येऊन पेन्सिल खोडताना
कागद फाटला, थेट
मागच्या पानावरच्या तुरीपर्यंत.

आता रकाने सहा.
सहाव्यात: आज खाली कोण उतरलं.
हातमोजे होते का. गमबूट.
वर कोण उभं होतं.

भदौरियासाहेब म्हणाले, हे पाण्याच्या तक्रारीत बसत नाही.
पहिल्या पाचांवर त्यांनी न वाचता मान हलवली होती.
सहावा वाचला, दोनदा,
रजिस्टर स्वतःकडे ओढून.
त्या दिवशी गुळाचं विचारलं नाही.

जूनमध्ये हातमोजे आले.
दोन. दोन्ही डावे.
रामसेवकने एक उलटा करून घातला
आणि बोटं हलवून दाखवली आम्हाला.
मी लिहिलं: हातमोजे, नग दोन, डावे.
खाली त्याची सही, हिंदीत, शिरोरेघ लांबच लांब.
वॉल्व्ह अजून अर्धाच फिरतो.

चार पन्नास झाले.
आज आमची पाळी.
पेन कानामागे आहे,
आणि भिंतीतला नळ
खोकायला लागलाय.