आटे

माधवनगर रोडला, इलाही शिकलगारांच्या लेथच्या वरच्या खोलीत
मी भाड्यानं राहते.
खाली लोखंड सोलतात, वर मी डोकं.

शिकलगारचाची विचारतात, नेमकं काय बनवतीस गं?
मी म्हणते, प्रोग्रॅम लिहिताना कुणी चुकलं
की त्या शब्दाखाली लाल रेघ ओढणारं काहीतरी.
म्हणजे मास्तरीण.
बरं, मास्तरीण.

तीन महिने रेघ माझ्या लिनक्सवर बिनचूक पडली.
मग आष्ट्याच्या प्रणोतीनं तेच विंडोजवर चढवलं
आणि एकही फाइल सापडेना.
तिच्याकडच्या वाटा उलट्या तिरक्या रेघेच्या,
ओळीच्या टोकाला न दिसणारं एक जास्तीचं चिन्ह,
आणि दारातच 'सी' नावाचा उंबरठा.
कवठेमहांकाळच्या बिराजदारांचा तर एडिटरच वेगळा,
त्याला माझं बोलणंच कळेना.

मी डागडुजी केली.
विंडोज असेल तर असं, नसेल तर तसं,
मॅक असेल तर, ऐकीव माहितीवर, तिसरंच काही.
'जर'वर 'जर' रचत गेले. चळत कलली.

दुपारी खाली कुणी जुन्या पंपाचं तोंड घेऊन आलं.
पंपाला इंची आटे, नळाला मिलिमीटरचे.
पोरगा पान्यानं रेटत होता.
चाचा ओरडले, "रेटू नगंस! आटं मरत्यात."
मग पितळेचा बोटभर तुकडा घेऊन
एका अंगाला इंची आटे पाडले, दुसऱ्या अंगाला मिलिमीटरचे.
पंपाला कळलं नाही. नळालाही नाही.

त्या रात्री सगळे 'जर' उपटले.
मधोमध भाषा जाणणारं एकच डोकं ठेवलं,
ज्याला खिडकी ठाऊक नाही, रंग नाही, कळफलक नाही.
विचारायचं फक्त: अमक्या ओळीत, सातव्या घरात, काय आहे?
आणि दर एडिटरला एक पितळी तुकडा.

रेघ पडली. विंडोजवरही पडली.
बिराजदारांनी नुसता अंगठा पाठवला.
पण प्रणोतीच्या एका ओळीत ती बारा घरं सरकली होती,
बरोबर शब्द लाल, चुकलेला मोकळा.
त्या ओळीत, चुकीच्या आधी, तिनं एकच मराठी शब्द लिहिला होता: स्त्री.

मी मोजलं. एक अक्षर.
तिच्या एडिटरनं मोजलं. सहा.
माझ्या डोक्यानं मोजलं. अठरा.
खोटं कुणीच बोलत नव्हतं.

जिन्यात चाचांना सांगितलं. त्यांना काय समजलं कोण जाणे,
हात पुसत म्हणाले,
"आधी माप इचार. मग पान्याला हात लाव."

आता दोघं भेटली की पहिलं वाक्य तेच असतं:
तू कशात मोजतोस?

मॅक अजून राहिलाय.
मिरजेत एका फोटोग्राफरकडे आहे म्हणे.
रविवारी दुकान बंद असतं तेव्हा तासभर बसू देईल.
चप्पल बाहेर काढायची, आणि
त्याच्या लग्नांच्या फोटोंना हात लावायचा नाही.