जॅकची जागा

बक्की घेतली तेव्हा तिच्यात जॅक नव्हता.
आधीच्या मालकाने खांदे उडवले,
म्हणाला, बेथनीपर्यंत काही लागत नाही.
खरं बोलला.
बेथनीच्या पुढे सहा किलोमीटरवर लागला.

मग बाबांच्या मोडीत काढलेल्या गाडीतला आणला,
कमरेएवढा उंच, लाल रंग उडालेला,
दात्यांमध्ये अजून बाबांच्याच हातचं ग्रीस.
आणि आमच्या घरात दोन पक्ष पडले.

ऑब्रे म्हणाला, पुढे बंपरवर बोल्टने आवळून टाकू,
दिसायलाही रुबाबदार.
आठवडाभर रुबाब केला.
इथला रस्ता खडीचा,
टायरखाली कमी, हवेतच जास्त.
तो सगळा दात्यांत जाऊन बसला,
लिव्हर हलेना.
शिवाय कीटमान्सहूपला दुकानासमोर
एक पोरगा त्याच्याकडे
जरा जास्तच प्रेमाने बघत होता.

सीटखाली घातला,
तर ब्रेक दाबला की सरकत पुढे यायचा
आणि कुत्र्यासारखा टाचेवर डोकं ठेवायचा.
लोखंडी डोकं.

सीटमागे उभा केला,
तर खडखड. पाण्याच्या टाकीपासून चर्चपर्यंत खडखड.
ऑब्रेचं बोलणं ऐकू येईना,
ही मी जमेची बाजू धरली.
त्याने नाही धरली.

शेवटी थीओफिलसला बोलावलं.
त्याने हौद्याच्या तळाशी, केबिनला लागून,
लोखंडी पेटी वेल्डिंग करून दिली,
वर उघडणारं झाकण, कुलूप, दोन किल्ल्या.
म्हणाला, आता गाडी उलटली तरी जागचा हलणार नाही.

जुलैत, थंडी हाडांत शिरलेली,
पहाटेच्या लिलावाला आम्ही निघालो
हौद्यात अकरा काराकुल मेंढ्या घेऊन.
मध्यरात्री मागचा डावा टायर गेला.
आम्ही उतरलो. मी किल्ली काढली.
मग दोघंही हौद्याकडे बघत उभे राहिलो.

अकरा मेंढ्या. त्यांच्याखाली पेटी.
पेटीत जॅक, जागचा न हललेला.

अडल्यावर गाढवाचे पाय धरतात म्हणे,
आम्ही मेंढ्यांचे धरले.
एकेक करून खाली, कुंपणाच्या तारेला बांधत.
दोऱ्या सात. मग माझा स्कार्फ,
मग टॉर्चचा पट्टा, मग ऑब्रेचा कमरपट्टा.
अकरावी म्हातारी होती,
ती नेमकी झाकणावर चारी पाय रोवून उभी
आणि उतरणार नाही असं तिचं स्पष्ट मत.
तिला मी मांडीवर घेऊन बसले,
तिची धडधड माझ्या पोटाला लागत होती,
आणि ऑब्रेने एका हाताने लिव्हर
आणि एका हाताने पँट धरून
टायर बदलला.

कुणी एक गाडी आली नाही त्या रस्त्याने.
वर इतके तारे होते
की ऑब्रे दोनदा नटऐवजी वरच बघत राहिला,
आणि मी त्याला काही बोलले नाही.

आता जॅक पुन्हा सीटमागे आहे,
बाबांच्या जुन्या कोटात गुंडाळलेला,
सुतळीच्या चार गाठी, चूं नाही की चां नाही.
कोटाच्या खिशात टायरचे दोन जुने नट निघाले,
ते तसेच राहू दिले.

फक्त गाडी इतकी शांत झाली
की दर दहा-बारा किलोमीटरला
माझा हात मागे जाऊ लागला:
आहे ना? आहे.
परत थोड्या वेळाने: आहे ना?
बाबा म्हणायचे, वाजतोय तोवर आहे समज,
आणि काच वर करून
मोठ्या आवाजात बोलायचे आमच्याशी.

काल ऑब्रे डिझेलचे पैसे द्यायला आत गेला
तेव्हा मी एक गाठ सैल केली.
मोठ्या खड्ड्यात एकदाच वाजतो आता,
ठण्ण.
ऑब्रे विचारतो, काय वाजलं गं?
मी म्हणते, कुठे काय.