मिठाचं पाणी

माझं काम एवढंच:
स्पंज मिठाच्या पाण्यात भिजवायचे, हलके पिळायचे.
ओघळ डोळ्यात गेला तर डॉक्टर निमकर चिडतात.
एक उजव्या भुवईच्या चार बोटं वर,
एक पलीकडे,
पट्टा कानामागून आवळायचा
आणि डब्याएवढ्या यंत्राचं बटण दाबायचं.
परळला, तिसऱ्या मजल्यावर, जुन्या एक्स-रेच्या खोलीत
माणूस खरं कधी बोलतो ते आम्ही मोजतो.

पडद्याआड बसून फासा टाकायचा, बारा वेळा.
दोन, चार, सहा पडले की पन्नास रुपये.
किती पडले ते फक्त तोंडी सांगायचं,
कोणी बघत नाही.
मी बघते. औषधांच्या कपाटाची काच आहे.
काचेत डावं उजवं होतं,
पण तिनाचे तीनच राहतात.

मंगळवारी निवृत्ती शेलार आले.
मस्जिद बंदरला तराजू दुरुस्त करतात, एकतीस वर्षं.
पट्टा बांधताना म्हणाले,
"बाई, काटा खोटा कुठे होतो ठाऊक आहे?
पारड्यात नाही. मधल्या सुरीच्या धारेत.
केसभर घासली की झालं.
शेठ म्हणतो, घासा. इन्स्पेक्टर यायचा असला की
म्हणतो, नीट करा.
मी दोन्हीचे पैसे घेतले."

पाचव्या वेळी तीन पडले.
ते थांबले. बाहेर ट्रॉलीचं एक चाक कुरकुरत गेलं.
"चार," म्हणाले.
मी चार लिहिलं.
नवव्या वेळी एक पडला.
एकच म्हणाले, जरा मोठ्यानं.

साडेतीनशेचं पाकीट घेऊन दारापर्यंत गेले,
परत आले. पन्नासची नोट टेबलावर.
"एकदा चार सांगितलं. तीन होते.
तुमच्या वायरीनं बोलतं केलं मला.
काट्यावर कुणी बोट ठेवावं, तसं आत...
नाही, उलट.
ठेवलेलं बोट काढून घ्यावं, तसं."
मग हळूच, "हा पट्टा विकत मिळतो का?
आमच्या धाकट्यासाठी."

यादीत त्यांच्या नावापुढे, माझ्याच अक्षरात, 'ख' होता.
'क' म्हणजे वीस मिनिटं करंट.
'ख' म्हणजे अर्धा मिनिट, कपाळाला मुंग्या येईस्तोवर,
मग यंत्र बंद, हिरवा दिवा तेवढा चालू.
विचारलं तर सांगायचं, हो, सुरू आहे.
नियमच आहे तसा.
खरेपणाच्या अभ्यासाला
निम्म्या लोकांशी खोटं बोलावं लागतं,
त्याला समितीची मंजुरी आहे, गोल शिक्क्यासकट.

"असर किती वेळ राहतो?" त्यांनी विचारलं.
"संध्याकाळपर्यंत," मी म्हणाले.
हे मात्र नियमात नव्हतं.

डॉक्टर म्हणाले, आकडा चारच राहू दे,
नोंद झाली ती झाली.
परत आलेल्या नोटेला तक्त्यात रकाना नाही.
ती खणात आहे, मिठाच्या पुडीखाली,
एक कोपरा ओला झालाय.

खोली बंद करताना एक स्पंज उरला होता.
कपाळाला लावून बघितला, वायरीशिवाय.
गार लागला, एवढंच.
मग घरी फोन केला
आणि उशीर का झाला ते
बरंचसं खरं सांगितलं.