दुसरा टॉर्च

सीताबर्डीत ढोमणेकाका काचेवर तीन टॉर्च मांडतात.
"समुद्र कुठं आहे बाप्पा नागपुरात?
हे कायले?"

मे महिना, पंखा बंद,
मी जाड रबरी हातमोजे चढवते.
पहिला मुठीत मावत नाही.
दुसऱ्याला फिरवायला दोन हात लागतात;
रात्री, अठरा मीटर खाली,
एक हात दोरीवर असतो.

तिसरा बोटाएवढा.
काकांच्या पिण्याच्या जगात बुडवते:
तळाला चिकटलेलं लिंबाचं बी
लख्ख दिसतं.

हा डाव्या पट्ट्याला अडकवायचा,
चाचपून सापडेल असा.
मोठा विझला तरच याची पाळी.

काका पावती फाडतात.
"कसा चालते, सांगजा वापरून."
न वापरताच
सांगायला येईन, म्हटलं.
ते सुट्टे पैसे मोजत राहिले.