दहापैकी

वैजू वहीत मार्क देतो.
वही जुनी, हिशेबाची, लाल पुठ्ठ्याची,
डावीकडे जमा, उजवीकडे खर्च,
आणि दोन्हींवरून आडवं त्याचं तिरकं अक्षर:
बेलापूर, सेक्टर पंधरा. अंडी बरी. खुर्च्या छळवादी. साडेसहा.

नेरुळला पाव इतका आंबट होता
की झुबेरने वेटरला हळूच विचारलं, शिळा आहे का?
सर, हा मुद्दाम आंबट असतो.
तेव्हापासून आमच्यातलं कुणी चिडलं
की बाकीचे म्हणतात, असू दे, मुद्दाम आंबट आहे.

सीवूड्सला हर्षला काचेतून खाली बघत म्हणाली,
इथं आमचं खाजण. बाबा इथं निवट्या पकडायचे,
ती स्कूटी उभी आहे ना, साधारण तिथं.
मग तिने अवोकाडोचा तुकडा काट्याने उलटा केला,
खाली काही दडलंय का बघावं तसा.
निवटीची सर नाही. लिही, चार.

रविवार, साडेअकरा.
न्याहारीची वेळ नाही, जेवणाची नाही.
आईला हे अजून पटत नाही.
पोहे खाऊन जा, म्हणते,
आणि मी खाऊन जाते,
म्हणजे तीनशे ऐंशीचं ऑम्लेट
सावकाश, परीक्षकाच्या चेहऱ्याने खाता येतं.

फेब्रुवारीत वैजू म्हणाला, मला फक्त काळी कॉफी.
सोळा तासांचा उपास धरलाय, पोट सुटलंय.
पोट सुटलेलं नव्हतं.
पुढच्या रविवारी पुन्हा काळी कॉफी.
त्याच्या पुढच्या रविवारी पाणी,
साधं, बाटलीतलं नको.
मार्क मात्र देत होता, आमच्या ताटांकडे बघून,
वासावरून.
खारघर. दालचिनी जास्त. सात.

झुबेर कामासाठी महाप्याला गेला होता.
तिसऱ्या मजल्यावर वैजूच्या कंपनीची पाटी नव्हती,
पाटीच्या चार स्क्रूंची भोकं होती.
त्याने हे मला सांगितलं, मी हर्षलाला,
आणि मग आम्ही तिघांनी ते कुणालाच सांगितलं नाही,
एकमेकांनाही पुन्हा नाही.

फक्त कॅफे उतरत गेले.
पाम बीचवरचा नको, गाडी लावायला जागा नसते.
वाशीचा नको, गाणी कानात ओरडतात.
तो नवा, झाडं टांगलेला? तिथला एसी बाधतो.
हर्षलाला अचानक गुडघे आले, जिने नकोत.
झुबेरला काचेच्या ग्लासची ॲलर्जी व्हायची तेवढी राहिली.
असं करत करत एप्रिलमध्ये
सानपाड्याला, इस्त्रीवाल्याच्या शेजारी,
शेट्टीच्या हॉटेलात येऊन पोचलो,
जिथं मेनू भिंतीवर
आणि इडलीचा भाव तीनदा खोडून लिहिलेला.

वैजूने भिंत वाचली, वरपासून खालपर्यंत.
मग आमच्याकडे पाहिलं, एकेकाकडे,
बेरीज जुळत नसली की बघावं तसं.
मला वाटलं, उठला आता.

हलकटांनो, तो म्हणाला,
गुडघे म्हणे.
गेल्या महिन्यात ही खारघरची टेकडी चढून आली,
फोटो मी लाइक केलाय.

कुणी हसलं नाही.
पोऱ्या सांबाराची बादली घेऊन येऊन उभा राहिला.
बादलीला काय माहीत, ती वाफाळत होती.
वैजूने वाटी पुढे केली.
दोन इडल्या, एक मेदुवडा, मग पुन्हा मेदुवडा,
मग झुबेरच्या डोशाची कुरकुरीत कड, न विचारता.
चौघांचं बिल तीनशे साठ.
ते त्याने ओढून घेतलं, सुट्टे मोजून दिले,
आणि आम्ही कुणी खिशाकडे हात नेला नाही.
सोपं नव्हतं ते. मी हात मांडीखाली धरून बसले.

बाहेर ऊन, इस्त्रीच्या कोळशाचा वास.
पेन चालेना, त्याने झुबेरच्या तळहातावर
रेघोट्या ओढून ते चालू केलं.
सानपाडा. सेक्टर विचारायचा राहिला. वडा गरम.
चटणी आंबट, मुद्दाम नसावी. आठ.

आठ? हर्षला म्हणाली. बेलापूरला साडेसहा आणि ह्याला आठ?
रिक्षा स्टँडपर्यंत दोघं भांडत गेली.